कासच्या रस्त्यावरून दिसलेला नारिंगी दिवा: अशा नोंदींचा गंभीर अभ्यास कसा होतो?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात बी.एस्सी. करणारा एक विद्यार्थी दोन मित्रांबरोबर संध्याकाळी यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्याला थांबला होता. पश्चिमेला डोंगराच्या वर नारिंगी दिवा दिसला. दहाएक मिनिटं एका जागी होता, मग मंद होत विझला. आवाज नाही. घरी येऊन विमानांचं अ‍ॅप पाहिलं, त्यात काही नाही. मोबाइलच्या व्हिडिओत तो चौकोनी आणि थरथरत्या कडांचा दिसतो. हे काय असेल, अशा गोष्टींचा कुणी गंभीरपणे अभ्यास करतं का, आणि आपल्याला करायचा असेल तर सुरुवात कुठून करायची, असं त्याने विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि यात तुझ्या दिव्याच्या गूढपणाचा काही संबंध नाही. तू 'गेल्या महिन्यात एका शनिवारी' असं लिहिलं आहेस. वेळ 'अंधार पडल्यावर', दिशा 'पश्चिम', उंची 'डोंगराच्या वर'. एवढ्यावर मी काहीही सांगितलं तरी ते खपून जाईल, म्हणूनच सांगत नाही. साताऱ्यात बरीच वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतोय, लोक अशा हकिगती घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडते.

संशयित मात्र सांगतो. त्या महिन्यात शुक्र संध्याकाळी पश्चिमेला असेल, तर पहिला संशय त्याच्यावर. कोकणच्या बाजूच्या दमट, धुरकट हवेतून मावळताना तो पांढरा राहत नाही. आधी पिवळा, मग नारिंगी होतो आणि डोंगराला टेकायच्या आधीच धुरकटीत विझतो. 'एका जागी होता' हे त्याच्या विरोधात जात नाही. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. दहा मिनिटांत अडीच अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या जाडीच्या अडीचपट. शेजारी झाड किंवा खांब नसेल तर हे सरकणं डोळ्याला कळत नाही. उलट, काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो.

दुसरा संशयित वणवा. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे डोंगर पेटतात. रात्री मागची कड दिसत नाही, डोंगर आणि आकाश मिळून एकच काळं होतं, आणि कड्यावर जळणारा गवताचा पट्टा हवेत लटकलेला वाटतो. तिसरा म्हणजे उडवायचा आकाशकंदील. त्या रस्त्याला आता हॉटेलं झाली आहेत, वाढदिवस-लग्नं होतात. वारा पडलेला असेल आणि कंदील तुमच्यापासून सरळ लांब जात असेल तर तो थांबलेलाच दिसतो आणि मेण संपलं की हळूहळू विझतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे किंवा सज्जनगडच्या घाटात वळणावर समोर येणारे हेडलाइट मी धरत नाही. ते दक्षिणेकडे येतात, आणि लुकलुकतात किंवा सरकतात. विमान मात्र मी सोडलेलं नाही. सरळ आपल्याकडे येणारं विमान बराच वेळ जागचं हलत नाही. अ‍ॅपवर लष्करी विमानं बहुधा दिसत नाहीत, आणि नक्की वेळ माहीत नसताना नंतर अ‍ॅप पाहण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

व्हिडिओतला चौकोन विसरून जा. फोकस चुकला की बिंदूची चकती होते. त्यावर डिजिटल झूम आणि फोनचं आपोआप धार काढणं आलं की चौकोन, थरथरत्या कडा, मधली 'खिडकी' असं काय वाटेल ते तयार होतं. तोच फोन, तेवढाच झूम घेऊन उद्या लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याचा व्हिडिओ काढ आणि शेजारी ठेवून बघ.

आता दुसरा प्रश्न. हो, अभ्यास होतो, सरकारी पातळीवरही होतो. मला सगळ्यात शहाणी वाटते ती फ्रान्सची पद्धत. तिथल्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी एक छोटा विभाग आहे, आज त्याला जेपान म्हणतात. ते प्रत्येक नोंद चार खणांपैकी एकात टाकतात. ए म्हणजे पूर्ण उलगडलेली, बी म्हणजे बहुधा उलगडलेली, सी म्हणजे माहितीच अपुरी, आणि डी म्हणजे माहिती पुरेशी आणि चांगली असूनही न उलगडलेली. डीमध्ये उरतात त्या थोड्याच, शंभरातल्या काही.

या विषयातला नव्वद टक्के गोंधळ सी आणि डी एकत्र केल्याने होतो. टीव्हीवर 'शास्त्रज्ञांनाही उत्तर सापडलं नाही' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक सी असतं. तुझी नोंदही आज सीमध्ये आहे. शनिवारची तारीख आठवली तर शुक्राचं पाच मिनिटांत कळेल आणि ती एमध्ये किंवा बीमध्ये जाईल. डीमध्ये जायला मात्र नोंद फार भक्कम लागते. या प्रकरणांचा नाद असलेल्या मंडळींना हे पटायला जड जातं: न उलगडणं ही मोठी पदवी आहे, ती फुकट मिळत नाही.

अमेरिकेच्या हवाईदलाचा प्रोजेक्ट ब्लू बुक १९५२ ते १९६९ चालला. १२,६१८ नोंदी जमल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत न ओळखलेल्या राहिल्या. हा ७०१ चा आकडा गेली पन्नासेक वर्षं मानणारे आणि न मानणारे एकमेकांवर फेकतात, पण त्या ७०१ मध्ये किती नोंदी भक्कम आणि किती नुसत्या अर्धवट, हे कुणी विचारत नाही. त्या प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक यांनी एक कामाची गोष्ट करून ठेवली. प्रत्येक नोंदीला त्यांनी दोन वेगळे गुण दिले, एक विचित्रपणाचा आणि एक विश्वासार्हतेचा. खूप विचित्र पण कच्ची नोंद काही कामाची नाही, आणि भक्कम पण साधीसुधी नोंदही नाही. दोन्ही गुण जास्त असतील तरच वेळ घालवायचा.

अलीकडचं पाहायचं तर २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याने १४४ नोंदींचा अहवाल दिला. खात्रीने उलगडली एकच, ती हवा जाणाऱ्या मोठ्या फुग्याची निघाली. बाकीच्यांबद्दल मुख्य रड अपुऱ्या माहितीची, म्हणजे पुन्हा सीच. नासाने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. परग्रहवासीयांचा पुरावा नाही, असं त्यात आहेच, पण वाचण्यासारखा भाग दुसरा आहे. लढाऊ विमानातून घेतलेल्या एका गाजलेल्या व्हिडिओत एक ठिपका समुद्राला लागून भन्नाट वेगाने जाताना दिसतो. समितीने पडद्यावरचे आकडे घेऊन साधी त्रिकोणमिती केली. विमान २५,००० फुटांवर, ठिपका समुद्रालगत नाही तर १३,००० फुटांवर, आणि त्याचा वेग ताशी सुमारे ४० मैल. म्हणजे वाऱ्यावर तरंगणाऱ्या वस्तूचा. सगळा वेग विमानाचा होता. रात्रीच्या एसटीतून खंबाटकी उतरताना शुक्र खिडकीबरोबर पळताना पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

शुक्राला फसायला माणूस अडाणी लागत नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी ३२९ वेळा आकाशात संशयास्पद दिवे नोंदवले. त्यातले १५५ ताबारेषा ओलांडून आत आल्याची नोंद होती. चिनी ड्रोन असावेत असा संशय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांना बोलावलं गेलं आणि निघाले शुक्र आणि गुरू. लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. मला त्यात उलटं दिसतं. उंचावरची विरळ, स्वच्छ हवा, तिथे ग्रह आपल्या सवयीपेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात, आणि समोर खरोखरच शत्रू. अशा ठिकाणी जवानांनी वेळच्या वेळी नोंदी ठेवल्या, म्हणून त्या ताडून पाहता आल्या. नुसत्या 'दिवे दिसतात' अशा तोंडी तक्रारी असत्या तर चिनी ड्रोनची दंतकथा आजही चालू असती. २०२४ मध्ये पुणे, अहमदनगर, बीड भागात रात्रीच्या ड्रोनची भीती पसरली, गावं राखणीला जागली, तेव्हा नेमकी हीच नोंद कुठे नव्हती. एकदा सगळं गाव वर बघायला लागलं की ब्रह्महृदयासारखा ताराही ड्रोन होतो. व्याध आणि अगस्ती तर क्षितिजाजवळ लाल-हिरवे चमकतात, ते आधीच बदनाम आहेत.

आता तू म्हणशील, मग माणसाच्या साक्षीला किंमतच नाही का? आहे, फार आहे. आकाशातून दगड पडतात हे शेतकरी शतकानुशतकं सांगत होते आणि युरोपातले विद्वान हसत होते. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेगल गावाजवळ भर दुपारी स्फोटाचा आवाज झाला आणि हजारो दगड पडले. सरकारने ज्याँ-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. तो गावोगाव फिरला, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना वेगवेगळं विचारलं, आवाज कुठून आला, कधी आला हे लिहिलं, कोणत्या शिवारात केवढा दगड सापडला ते नकाशावर मांडलं. दगडांचा पट्टा लंबगोल निघाला, मोठे दगड एका टोकाला. तसले दगड त्या भागात आधी कुणाकडे नव्हते, हेही त्याने तपासलं. त्यानंतर उल्कापाषाणांवर वाद उरला नाही. बियोने कुणाच्या साक्षीवर विश्वास ठेवला नाही आणि कुणाची नाकारलीही नाही; साक्षी एकमेकींशी जुळतात का, एवढंच पाहिलं. माझ्या मते या विषयात शिरणाऱ्याने परग्रहाच्या पुस्तकांऐवजी आधी हे प्रकरण वाचावं.

याच वाटेने आलेलं अलीकडचं उदाहरण म्हणजे स्प्राइट. वादळी ढगांच्या माथ्यावर तांबडे झोत दिसतात असं वैमानिक सांगत, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं. सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच असं काही व्हायला हवं असं गणिताने मांडलं होतं. ६ जुलै १९८९ रोजी मिनेसोटा विद्यापीठातले लोक दुसऱ्याच कामासाठी एक संवेदनशील कॅमेरा तपासत होते, त्यात ते झोत सापडले. ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, काही मिलिसेकंद टिकणारे. आज ते वातावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आहेत. यात साताऱ्या-सांगलीकरांचं घोडं पुढे आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग सोलापूर-विजापूरकडे उभे राहतात, आपल्याकडे आकाश मोकळं असतं, आणि दोन-तीनशे किलोमीटरवरच्या ढगाच्या माथ्यावरचं आकाश इथून दिसतं. तिपाईवर साधा डीएसएलआर, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, सलग व्हिडिओ, आणि जोडीला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप, म्हणजे वीज कुठे पडतेय ते कळतं. 'मला यूएफओ पकडायचाय' म्हणून येणाऱ्या मुलांना मी हेच करायला सांगतो.

तिसरा प्रश्न, सुरुवात. दिसल्या क्षणी घड्याळाची वेळ, मिनिटापर्यंत. मग हात लांब करून मोजायचं: मूठ म्हणजे साधारण दहा अंश, अंगठा दोन, करंगळी एक. क्षितिजापासून किती मुठी वर, कोणत्या खुणेच्या किती मुठी डावीकडे. फोन कठड्यावर टेकवायचा, झूम करायचा नाही, चौकटीत खांब किंवा छताची कड येऊ द्यायची आणि वस्तू गेल्यावरही मिनिटभर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. मूळ फाइल जपायची; व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली फाइल आकुंचन पावते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती जाते. सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारं म्हणजे तिघांनी एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळं लिहायचं, चित्र काढायचं. चहाच्या टपरीवर अर्धा तास चर्चा झाली की तीन साक्षीदारांचा एकच उरतो, बहुधा मोठ्या आवाजाचा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत विवर्तन जाळी असते, मिलिमीटरला पाच-सहाशे रेषांची पातळ फिल्म. ती मोबाइलच्या लेन्ससमोर धरलीस तर दिव्याशेजारी त्याचा वर्णपट येतो. ज्योतीचा पट सलग, तांबड्याकडे झुकलेला. एलईडीमध्ये निळा उंचवटा. सोडियमच्या दिव्यात पिवळा भाग ठळक. नारिंगी दिवा कंदील होता, एलईडी होता की सोडियमचा दिवा, याचा निकाल अशा एका फोटोत लागू शकतो. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांना विजेच्या गोळ्याचा (बॉल लाइटनिंगचा) वर्णपट अचानक मिळाला, त्यात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम म्हणजे मातीतलीच मूलद्रव्यं दिसली. शेकडो वर्षांच्या हकिगतींनी जे दिलं नव्हतं ते एका पटाने दिलं.

आणि दुसरं गाव हवं. हे माझं आवडतं गणित आहे. सातारा आणि सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. साताऱ्यात बरोब्बर डोक्यावर काहीतरी दिसलं आणि त्याच मिनिटाला सांगलीत आयर्विन पुलावर उभ्या असलेल्याने वायव्येला पाहिलं, तर ते त्याला किती उंचीवर दिसेल? दहा किलोमीटरवरचं विमान क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश वर. शंभर किलोमीटरवरची उल्का बेचाळीस अंशांवर. साडेपाचशे किलोमीटरवरचा स्टारलिंक उपग्रह अठ्ठ्याहत्तर अंशांवर. तारा असेल तर त्याच्याही जवळजवळ डोक्यावर. आणि कंदील असेल तर सांगलीत काहीच नाही. एक फोन, एक कोन, आणि अर्धे पर्याय बाद. म्हणून सांगली-मिरजेत, कराडला, जतला वर बघणारी चार माणसं ओळखीची ठेव.

जतचं नाव मुद्दाम घेतलं. त्या बाजूला संध्याकाळी पूर्वेला बराच वेळ लटकलेला पांढरा ठिपका दिसला तर आधी हैदराबादची चौकशी करावी. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) फुगे सोडण्याचं केंद्र आहे. हे प्रचंड फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात, वाऱ्याबरोबर वाहतात आणि आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही वर त्यांच्यावर ऊन असतं. अशाच फुग्यांतून २००१ आणि २००५ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने वरच्या हवेतले सूक्ष्मजीव गोळा केले होते.

सगळं नीट जुळलं की काय होतं ते २ एप्रिल २०२२ ला दिसलं. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास राज्यभर लोकांनी जळत जाणारी तुकड्यांची रांग पाहिली. शेकडो व्हिडिओ, वेळेसकट. उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांत संपते. ही रांग कितीतरी सावकाश, समांतर चालली होती, म्हणजे कक्षेतून उतरणारं मानवी यंत्र. कक्षांचा मागोवा ठेवणाऱ्यांनी लगेच चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याकडे बोट दाखवलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. असं काही शेतात पडलं तर हात लावू नका, इंधन विषारी असू शकतं. पोलीस किंवा तहसीलला कळवा.

साताऱ्यात हा विषय निघाला की कुणीतरी कोयना काढतोच, म्हणून तेही. भूकंपाच्या वेळी आकाशात उजेड दिसल्याच्या हकिगती जगभर आहेत. जपानमध्ये मात्सुशिरोला १९६५ ते १९६७ च्या भूकंपमालिकेत त्याचे फोटोही निघाले. विजेच्या तारा एकमेकींना लागून होणारे लखलखाट त्यात मिसळतात, पण सगळं तेवढंच आहे असं मला वाटत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला कोयनानगर हादरलं, तेव्हा तिथे कुणी कॅमेरे लावून बसलेलं नव्हतं. आज त्या भागात लहान भूकंप होतच असतात, कराडजवळ खोल विंधनविवरांच्या अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, म्हणजे भूकंपाची वेळ सेकंदापर्यंत मिळते. नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्यात गूढ दिवे दिसतात म्हणून १९९८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांचं केंद्र उभारलं, तसे दोन-तीन कॅमेरे पाटणच्या बाजूला रात्रभर चालू ठेवायला आता फार पैसे लागत नाहीत. हाती काही लागेलच असं नाही. तरी तुझ्यासारख्यांनी करण्याजोगा आपल्या जिल्ह्यातला प्रकल्प हाच, असं माझं मत आहे.

शिक्षणाचं म्हणशील तर या नावाची पदवी शोधू नकोस, भौतिकशास्त्रच धर. पुढे वातावरणाची वाट आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, तिथे वरच्या वातावरणातल्या मंद उजेडाचा अभ्यास चालतो. एकदा जाऊन बघ. तेजस्वी उल्का दिसली तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा ऑनलाइन अर्ज भर, तिथे तो इतर नोंदींशी खरंच जोडून पाहिला जातो.

तुझ्या दिव्यासाठी एवढं कर. मूळ व्हिडिओ फाइलचे तपशील उघड, तारीख आणि वेळ त्यात असेल. दिवसा त्याच जागी जा, त्याच बाजूचा फोटो काढ आणि दिवा कुठे होता तिथे तिघांना वेगवेगळी खूण करायला सांग. दगड किंवा कठडा आठवत असेल तर त्याच्यापासूनची दिशा कंपासने मोज. मग स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती तारीख, ती वेळ, सातारा टाक. शुक्र तिथे नसला आणि त्या कड्यावर गवत जळाल्याची काळी खूणही नसली, तर ते सगळं मला पाठव.